कोणाची चित्रे पाहू?

(चित्रकला शिकताना एखाद्या चांगल्या चित्रकाराचा अभ्यास करावा, असे म्हणतात. पण तो चित्रकार निवडावा कसा? कळवणच्या उर्दू शाळेतील एका मुलीने तो कसा निवडला, ते तिच्या शिक्षकांनी या पाठात सांगितले आहे.)

आमच्या शाळेत दर वर्षी मुलांच्या चित्रांचे प्रदर्शन भरते. एका वर्षी आठवीतल्या एका मुलीचे चित्र सर्वांना फार आवडले. बर्फाचे डोंगर, निळे तळे आणि काठावर लाल कौलांचे घर! पाहुण्यांनी तिला विचारले, "बेटा, हे कुठले डोंगर?" तिने मान खाली घातली. ते चित्र तिने कॅलेंडरवरून उतरवले होते. कळवणच्या भोवती डोंगर पुष्कळ आहेत. पण त्यांवर बर्फ कधी पडत नाही.

दुसऱ्या दिवशी ती रंगपेटी घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, "सर, ही शाळेतच ठेवा. मला चित्र काढता येत नाही, फक्त उतरवता येते. अब्बाही म्हणतात, चित्रांनी पोट भरत नाही."

मी म्हणालो, "चित्र उतरवणे हा गुन्हा नाही. सगळे तसेच शिकतात. पण ते कॅलेंडर कोणी रंगवले, हे तुला ठाऊक आहे का? आपल्या काळातला एक चित्रकार निवड. त्याची चित्रे महिनाभर पाहा. मग रंगपेटीचे काय करायचे ते ठरव."

"पण सर, कोणाची चित्रे पाहू?"

शनिवारी शाळा सुटल्यावर मी वाचनालयातील काही पुस्तके तिच्यासमोर ठेवली.

पहिले पुस्तक शि. द. फडणीस यांच्या हास्यचित्रांचे होते. फडणीसांचा जन्म १९२५ साली बेळगाव जिल्ह्यातील भोज या गावी झाला. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये त्यांचे शिक्षण झाले. त्यांच्या पुष्कळ चित्रांखाली एकही शब्द नसतो. 'मोहिनी' मासिकाच्या एका मुखपृष्ठावर त्यांनी बसथांब्यावरचे दोघे जण काढले. तरुणीच्या कपड्यांवर मांजरांची नक्षी आणि शेजारच्या तरुणाच्या शर्टावर उंदरांची! ही गंमत कळायला मराठी यावी लागत नाही आणि उर्दूही यावी लागत नाही. शाळेच्या गणिताच्या पुस्तकांसाठीही फडणीसांनी चित्रे काढली आहेत.

ती मुलगी पोट धरून हसली. मग विचार करून म्हणाली, "सर, यांना आधी कल्पना सुचते आणि मग चित्र होते. मला अशा कल्पना सुचत नाहीत."

दुसरे पुस्तक माधुरी पुरंदरे यांचे होते. त्यांचा जन्म १९५२ सालचा. त्याही जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्येच शिकल्या. त्या मुलांसाठी गोष्टी लिहितात आणि त्यांतली चित्रेही स्वतःच काढतात. २०१४ साली त्यांना साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. त्यांच्या 'राधाचं घर' या पुस्तकमालेत राधा नावाची लहान मुलगी आपल्या घरातल्या माणसांविषयी सांगते. आई, बाबा, आजी, आजोबा यांच्याविषयी. त्यांत राजा नाही, परी नाही.

ती बराच वेळ पाने उलटत राहिली. शेवटी म्हणाली, "सर, मी यांना निवडते. ही चित्रे मला तपासून पाहता येतील."

"तपासून म्हणजे?"

"माझी दादी कशी बसते, ते घरी जाऊन बघीन. मग पुन्हा पुस्तकात बघीन."

तिचे कारण मला पटले. चित्रकार केवळ मोठ्या नावाचा म्हणून निवडू नये. त्याची चित्रे आपल्याला पुन्हा पुन्हा पाहायला मिळावीत आणि ती पाहून आपले लक्ष आपल्या अवतीभवती जावे.

पहिल्या आठवड्यात तिने पेन्सिल हाती घेतली नाही. ती चित्र पाहायची, पुस्तक मिटायची आणि आठवेल ते वहीत लिहायची. दुसऱ्या आठवड्यात तिने पुस्तकातील माणसांचे फक्त हात आणि पाय काढले. प्रत्येक पानाखाली 'माधुरी पुरंदरे यांच्या चित्रावरून' असे लिहिले. त्यानंतर पुस्तक बाजूला ठेवून ती दादीबरोबर कांद्याच्या चाळीत गेली. दादी तेथे कांदे निवडण्याचे काम करते. दादीचे वाकलेले खांदे, मांडीजवळची टोपली, हातातला कांदा. मुलीने सारे कागदावर उतरवले. सात वेळा काढले, सात वेळा खोडले.

आठव्या वेळी काढलेले चित्र तिने घरी भिंतीला लावले. तिचे अब्बा बाजार समितीत हमाली करतात. रात्री ते घरी आले आणि चित्रापुढे थांबले. बराच वेळ पाहून म्हणाले, "बेटी, अंगठा चुकला. कांदा सडका आहे की नाही, ते मानेजवळ दाबून बघतात. अंगठा इथे हवा."

दुसऱ्या दिवशी हे सांगताना तिचे डोळे चमकत होते. "सर, बर्फाच्या डोंगरात अब्बांनी कधी चूक काढली नव्हती!"

मग तिने माझ्या कपाटातली आपली रंगपेटी मागून घेतली. अंगठ्याची जागा बदलायची होती ना!

शब्दार्थ
उतरवणे – पाहून तसेच काढणे.
हास्यचित्र – हसू आणणारे चित्र.
मुखपृष्ठ – पुस्तकाचे किंवा मासिकाचे पहिले पान.
नक्षी – वेलबुट्टी, आकृतींची सजावट.
चाळ – (येथे) कांदे साठवण्याची हवेशीर जागा.
हमाली – ओझी उचलण्याचे काम.

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) पाहुण्यांच्या प्रश्नावर मुलीने मान खाली का घातली?
(आ) 'राधाचं घर' या पुस्तकमालेत कोणाविषयी सांगितले आहे?
२. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) मुलीने फडणीसांना का निवडले नाही?
(आ) अब्बांनी चूक दाखवली, तरी मुलीला आनंद का झाला?
३. वाक्यात उपयोग करा : मान खाली घालणे, पोट धरून हसणे, डोळे चमकणे.
४. उपक्रम : तुमच्या घरातील एखादी व्यक्ती काम करताना पाहा. तिचे चित्र काढा. ते तिला दाखवा आणि ती काय म्हणाली, ते चार ओळींत लिहा.