सीडीची नोंद आणि जपणूक : एक पाठ

प्रस्तुत स्मरणिकेसाठी जुनी छायाचित्रे व कागदपत्रे गोळा करीत असताना शाळेच्या कार्यालयातील लोखंडी कपाटाच्या तळाच्या कप्प्यात आम्हांस सीडींचे एक खोके आढळले. मोजल्यावर त्या ११२ भरल्या. काही कागदी पाकिटांत होत्या, काही एकावर एक रचलेल्या, काही नुसत्याच पडलेल्या. निम्म्यांवर काहीही लिहिलेले नव्हते. उरलेल्यांवर ‘गॅदरिंग’, ‘जयंती’, ‘महत्त्वाचे’ असे शब्द होते. आपल्या शाळेत ३ जानेवारीस सावित्रीबाईंची, ११ एप्रिलला जोतीरावांची आणि १४ एप्रिलला बाबासाहेबांची जयंती साजरी होते. मग ही ‘जयंती’ कोणाची आणि कोणत्या सालची? ज्याने ते लिहिले त्याला त्या दिवशी सारे ठाऊक होते. म्हणूनच त्याने साल लिहिले नाही.

त्याच सुमारास एक माजी विद्यार्थी आपल्या लहान मुलीला घेऊन आला. म्हणाला, “सर, पालक मेळाव्यात माझ्या आजीनं जात्यावरच्या ओव्या म्हटल्या होत्या. तेव्हा शाळेनं रेकॉर्डिंग केलं होतं. हिला एकदा ऐकवायच्या होत्या.” साल त्याला आठवत नव्हते. दोन दिवस आम्ही एकेक सीडी लावून पाहिली. अडतिसाव्या सीडीवर आजींचा आवाज सापडला. पहिल्या काही ओव्या स्वच्छ ऐकू आल्या. पुढे आवाज अडखळू लागला आणि थांबला. सीडीवर चिकटवलेले कागदी लेबल कडेने सुटले होते आणि सुटताना खालची चकाकी घेऊन आले होते. ते लेबल आम्हीच मोठ्या हौसेने चिकटवले होते.

त्या आजींना अक्षरओळख नव्हती. त्यांच्या हातचा एकही कागद कोणापाशी नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याला साधन लागते, आणि ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या लेखणीपासून दूर ठेवले गेले त्यांचे साधन म्हणजे त्यांचा आवाज. तो अर्धा आमच्या हातून गेला. उरलेले जाऊ नयेत, म्हणून या प्रसंगातून आम्ही जे शिकलो ते येथे क्रमाने मांडीत आहोत.

सीडीची रचना

सीडी १९८२ साली बाजारात आली. तिचा व्यास १२० मिलिमीटर आणि जाडी अवघी १.२ मिलिमीटर असते. तिचा बहुतेक भाग पारदर्शक पॉलिकार्बोनेट प्लॅस्टिकचा असतो. घरी वा शाळेत संगणकावर भरलेल्या सीडीत या प्लॅस्टिकवर रंगद्रव्याचा थर, त्यावर धातूचा चकाकता थर आणि सर्वांत वर लाखेसारखा एक पातळ लेप असतो. आपण समजतो की खालची चकचकीत बाजू नाजूक आणि नाव लिहायची वरची बाजू मजबूत. वस्तुस्थिती उलट आहे. खालच्या बाजूस प्लॅस्टिकचे पूर्ण संरक्षण आहे. वरच्या बाजूस केसाहून पातळ लेपाखालीच आपला मजकूर आहे. तिथला ओरखडा थेट मजकुरावर उठतो. शिवाय सीडी आतून बाहेरच्या दिशेने वाचली जाते, म्हणून कडेला इजा झाली की शेवटचा भाग आधी जातो. आजींच्या ओव्यांचे नेमके तेच झाले.

कोठे आणि कशाने लिहावे

बॉलपेन वा पेन्सिल मुळीच वापरू नये. टोकाच्या दाबाने धातूचा थर दुखावतो. उग्र वासाच्या मार्करमधील द्रावकही कालांतराने लेपात उतरू शकते. पाण्यावर आधारित शाईचा, मऊ टोकाचा मार्कर घ्यावा आणि मधल्या भोकाभोवतीच्या पारदर्शक कड्यावर केवळ क्रमांक लिहावा. तेथे मजकूर नसतो. कागदी लेबल सीडीवर चिकटवू नये. ते डबीवर लावावे. पूर्वी चिकटवलेले असेल तर ते सोलण्याच्या भरीस पडू नये. आहे त्या स्थितीत आधी त्या सीडीची प्रत काढावी.

काय लिहावे

सीडीवर क्रमांक आणि बाकी सर्व तपशील नोंदवहीत, ही ग्रंथालयाची जुनी रीत येथेही उपयोगी पडते. क्रमांक विषयवार न देता आल्या क्रमाने १, २, ३ असा द्यावा, म्हणजे नवी सीडी आली तरी जुन्यांची जागा हलवावी लागत नाही. नोंदवहीत पुढील रकाने असावेत : दाखल क्रमांक, ध्वनिमुद्रणाचा दिनांक, प्रसंग व स्थळ, कोणाकोणाचे आवाज आहेत, कोणत्या क्रमाने काय आहे, एकूण कालावधी, सीडी कोणाकडून मिळाली, प्रत कोठे आहे, शेवटची तपासणी केव्हा झाली. दिनांक निश्चित नसेल तर ‘अंदाजे’ असे स्पष्ट लिहून साल द्यावे. आवाज ओळखू येत नसेल तर तो रकाना कोरा ठेवावा, पण खोटी खात्री लिहू नये. कोरा रकाना उद्या कोणी भरू शकेल; चुकीचा भरलेला रकाना कोणी तपासतही नाही.

कशी ठेवावी

सीडी कडेने धरावी. प्रत्येकीस स्वतंत्र कडक डबी द्यावी आणि डब्या पुस्तकांप्रमाणे उभ्या ठेवाव्यात. आडव्या थराने रचलेल्या सीडी वर्षानुवर्षांत वाकण्याची भीती असते. ऊन, उष्णता आणि दमट हवा हे तिचे तीन शत्रू. भरलेल्या सीडीतील रंगद्रव्य उन्हाने फिके पडते, म्हणून खिडकीजवळचे कपाट टाळावे. पत्र्याच्या छपराखालचा माळा आणि ओल धरणारी भिंतही टाळावी. पावसाळ्यात डब्यांच्या खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्या वेळोवेळी बदलाव्यात. धूळ मऊ सुती फडक्याने मध्यापासून कडेकडे सरळ पुसावी, गोल फिरवून पुसू नये.

प्रत हीच खरी जपणूक

इतके करूनही सीडी चिरंजीव नाही, आणि ती वाचणारे यंत्रही नव्या संगणकांतून नाहीसे झाले आहे. बाहेरून जोडावयाचा सीडी ड्राइव्ह मात्र अजून मिळतो, तोवर प्रती काढून घ्याव्यात. येथे एक फसगत संभवते. गाण्यांची सीडी संगणकावर उघडली की ‘सीडीए’ नावाच्या फायली दिसतात. त्या उचलून संगणकात ठेवल्या तर आवाज येत नाही, कारण त्या केवळ खुणा आहेत. त्यासाठी ‘रिप’ करण्याची सोय असलेला प्रोग्रॅम वापरून वेव्ह वा फ्लॅक स्वरूपात ध्वनी उतरवावा. एका सीडीला सुमारे ७०० एमबी जागा लागते. एक टीबीच्या एका हार्ड डिस्कमध्ये हजाराहून अधिक सीडी मावतात. तीन प्रती असाव्यात आणि त्यांतील एक दुसऱ्या इमारतीत असावी. फायलीच्या नावात तोच दाखल क्रमांक असावा, अन्यथा मुक्या सीडींच्या जागी मुक्या फायलींचा ढीग होईल.

आजवर ११२ पैकी ७१ सीडींची नोंद पूर्ण झाली आहे. उरलेल्यांवरील आवाज आम्हांस ओळखता येत नाहीत. ते आपण ओळखू शकाल. माजी विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी सुटीच्या दिवशी येऊन ते ऐकावेत व नोंदवहीतील कोरे रकाने भरावेत, ही विनंती. आपल्या घरी शाळेच्या कार्यक्रमांच्या सीडी असतील तर त्याही आणाव्यात. प्रत काढून मूळ सीडी आपणांस परत दिली जाईल. त्या पालक मेळाव्याची दुसरी सीडी कदाचित कोणाच्या तरी ट्रंकेत असेल. आजींच्या राहिलेल्या ओव्या त्यांच्या पणतीला ऐकावयाच्या आहेत.