एका अक्षराचा बदल : आनुवंशिक आजारांचा अभ्यास आणि मराठी

वडोदऱ्यात मी एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांना मानवी आनुवंशिकी शिकवतो. शिकवणे इंग्रजीतून चालते, कारण ग्रंथ, शोधनिबंध आणि परीक्षा इंग्रजीत आहेत. पण यातले काही विद्यार्थी पुढे रुग्णालयात समुपदेशक होतात. समोर बसलेल्या आईवडिलांना आजाराचे कारण सांगण्याची वेळ येते, तेव्हा त्यांना ते घरच्या भाषेतच सांगावे लागते. या विषयाचा पदव्युत्तर अभ्यास कसा चालतो आणि त्यात मराठी शब्दांची निवड का महत्त्वाची ठरते, हे शिक्षक, लेखक आणि विद्यार्थी यांच्यासमोर मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

तीन शब्दांतला फरक

पहिल्या तासाला मी तीन शब्द फळ्यावर लिहितो : जन्मजात, आनुवंशिक आणि जनुकीय. रोजच्या बोलण्यात हे एकाच अर्थाने वापरले जातात. जन्मजात म्हणजे जन्मतःच असलेले. गरोदरपणात आईला रुबेलाचा संसर्ग झाल्यास बाळाच्या हृदयात, डोळ्यांत किंवा कानांत व्यंग येऊ शकते. ते जन्मजात असते, पण पिढीजात नसते. उलट हंटिंग्टन हा मेंदूचा आजार आनुवंशिक असूनही त्याची लक्षणे बहुधा तिशी-चाळिशी उलटल्यावर दिसतात. कर्करोगाच्या गाठीतल्या पेशींमध्ये जनुकीय बदल झालेले असतात, पण बहुतेक वेळा ते त्या व्यक्तीच्या हयातीत झालेले असतात आणि मुलांकडे जात नाहीत. या तीन शब्दांची गल्लत झाली, की एखाद्या आईला विनाकारण दोष लागतो, किंवा ज्या भावंडांची तपासणी व्हायला हवी ती राहून जाते.

दिन आणि दीन

डीएनएतला बदल समजावताना मराठी लेखन फार उपयोगी पडते. ‘दिन’ म्हणजे दिवस आणि ‘दीन’ म्हणजे गरीब. एका वेलांटीने अर्थ पालटतो. सिकलसेल आजारात नेमके असेच होते. अकराव्या गुणसूत्रावरचे बीटा-ग्लोबिन जनुक हिमोग्लोबिनचा एक भाग घडवते. डीएनएची अक्षरे तीन-तीनच्या गटाने वाचली जातात. या जनुकात जी-ए-जी या गटाचा जी-टी-जी झाला, की प्रथिनाच्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. ऑक्सिजन कमी झाला, की असे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून लांब दोरे बनवते, लाल पेशी कोयत्यासारखी वाकते आणि बारीक रक्तवाहिन्या तुंबतात. त्यातून असह्य वेदना आणि रक्तक्षय होतो.

शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये अशा पेशींचे वर्णन प्रसिद्ध केले. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी रुग्णाचे हिमोग्लोबिन विद्युतक्षेत्रात वेगळ्या गतीने सरकते, हे दाखवले. १९५६-५७ मध्ये व्हर्नन इनग्रॅम यांनी एका अमिनो आम्लाचा फरक शोधला. भारतात निलगिरीच्या आदिवासींमध्ये ही पेशी १९५२ मध्ये नोंदली गेली. पुढे गुजरातच्या आदिवासी पट्ट्यात, नंदुरबारमध्ये, विदर्भात आणि मध्य प्रदेशातही ती मोठ्या प्रमाणावर आढळली.

बदल नेहमीच अक्षराच्या जागी अक्षर येण्याचा नसतो. कधी अक्षर गळते. त्यासाठी मी वर्गात हे वाक्य लिहितो : छगन गवत उचल सडक पकड. प्रत्येक शब्द तीन अक्षरी आहे. आता ‘गवत’मधला ‘व’ पुसा आणि तीन-तीनचे गट तसेच ठेवून वाचा : छगन गतउ चलस डकप कड. पुढचे सगळे निरर्थक झाले. याउलट ‘उचल’ हा शब्द पूर्ण काढला तर ‘छगन गवत सडक पकड’ उरते. वाक्य तोकडे झाले, पण वाचता येते. स्नायू क्षीण करणाऱ्या ड्यूशेन आणि बेकर या आजारांतला फरक बहुतांशी असाच आहे. दोन्हींत डिस्ट्रोफिन हेच जनुक बिघडते. वाचनाची घडी मोडली तर ड्यूशेन होतो आणि मुलगा बहुधा बाराव्या वर्षाच्या आसपास चालणे गमावतो. घडी टिकली तर तोकडे पण काहीसे कामाचे प्रथिन बनते आणि बेकर हा सौम्य आजार होतो.

मात्र उपमा किती ताणायची, हेही शिकवावे लागते. सिस्टिक फायब्रोसिसमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या बदलात तीनच अक्षरे गळतात, म्हणजे घडी मोडत नाही. तरीही प्रथिन नीट दुमडत नाही, पेशी ते नष्ट करते आणि आजार गंभीर होतो. वाक्य वाचता येणे आणि ते कामाचे असणे, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

पाव हिस्सा म्हणजे काय?

सिकलसेल किंवा थॅलेसेमियामध्ये आईवडील दोघांकडे जनुकाची एकेक प्रत बदललेली असेल, तर प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता १/४ असते, फक्त एक बदललेली प्रत मिळण्याची १/२ आणि बदल अजिबात न मिळण्याची १/४. हे गणित शाळेतले आहे, पण ते घरात वेगळे ऐकू येते. ‘चारातले एक झाले, आता पुढची तीन चांगली होणार,’ असे म्हणणारी कुटुंबे मी पाहिली आहेत. नाणेफेकीत मागचा छाप नाण्याच्या लक्षात राहत नाही, तसेच दर गरोदरपणी शक्यता नव्याने १/४ असते. हे वाक्य समुपदेशकाने स्पष्ट उच्चारलेच पाहिजे.

पदव्युत्तर परीक्षेतला नेहमीचा प्रश्न याच्या पुढचा आहे. आजारी मुलाचा भाऊ निरोगी आहे. त्याच्याकडे एक बदललेली प्रत असण्याची शक्यता किती? उत्तर १/२ नाही, २/३ आहे. तो आजारी नाही हे आपल्याला कळले आहे, म्हणून चारातली एक शक्यता बाद होते आणि उरलेल्या तिघांत दोन वाहक असतात.

आता हा मुलगा मामेबहिणीशी लग्न करणार आहे असे समजा. सीमाभागात आणि आपल्याकडच्या अनेक समाजांत हे नाते मान्य आहे. मुलाची आई निश्चित वाहक आहे. तिच्या भावाकडे तो बदल असण्याची शक्यता १/२, त्याच्या मुलीकडे १/४. होणाऱ्या मुलाला आजार असण्याची शक्यता २/३ × १/४ × १/४, म्हणजे १/२४. नात्याबाहेरच्या समाजात शंभरात एक वाहक असेल असे धरले, तर तीच शक्यता २/३ × १/१०० × १/४, म्हणजे १/६०० होते. हा आकडा लग्न मोडण्यासाठी वापरायचा नसतो. आधी दोघांची रक्ततपासणी करावी, कारण एक साधी चाचणी वरच्या सगळ्या अंदाजांची जागा घेते. मामेबहिणीकडे तो बदल नसला, तर या विशिष्ट आजाराची काळजी जवळजवळ संपते.

दहा वर्षांचा शोध आणि आजची अडचण

हंटिंग्टन आजाराचे जनुक चौथ्या गुणसूत्रावर आहे हे १९८३ मध्ये समजले. व्हेनेझुएलात माराकाइबो सरोवराकाठी हा आजार असलेली फार मोठी कुटुंबे होती. त्यांच्या वंशावळी आणि रक्तनमुने या शोधाच्या मुळाशी होते. प्रत्यक्ष जनुक हाती यायला १९९३ उजाडले. आज एका रुग्णाच्या सर्व जनुकांचे वाचन काही आठवड्यांत होते. पण माणसा-माणसांत लाखो अक्षरांचा फरक असतो. त्यातला आजाराचा कोणता आणि निरुपद्रवी कोणता, हे ठरवणे आजच्या विद्यार्थ्याचे खरे काम झाले आहे.

त्यासाठी बदलांचे पाच वर्ग मानतात : रोगकारक, बहुधा रोगकारक, अर्थ अनिश्चित, बहुधा निरुपद्रवी, निरुपद्रवी. मधला वर्ग सर्वांत अवघड. जगातल्या बहुतेक माहितीसाठ्यांत युरोपीय वंशाच्या लोकांचे प्रमाण जास्त असल्याने, आपल्याकडे सहज आढळणारा एखादा निरुपद्रवी बदल तिथे दुर्मीळ आणि म्हणून संशयास्पद दिसतो. भारतातील विविध समाजांच्या दहा हजार व्यक्तींच्या जनुकसंचाचे वाचन करणारा जीनोमइंडिया प्रकल्प याच कारणाने महत्त्वाचा आहे. विद्यार्थ्यांना मी सांगतो, ‘अर्थ अनिश्चित’ हा अहवाल हाती आला, की त्याला निदान म्हणू नका.

दोष, वाहक, धोका

आता भाषेकडे येतो. आपल्या लिखाणात ‘जनुकीय दोष’ हा शब्द सर्रास येतो. पण मंगळदोष आणि पितृदोष ऐकत वाढलेल्या माणसाच्या कानावर तो पडला, की तो विचारतो, ‘दोष कुणाचा?’ उत्तर बहुधा सुनेच्या माहेराकडे बोट दाखवते. म्हणून मी ‘बदल’ म्हणतो. वर दिलेल्या आजारात निम्मा वाटा वडिलांकडून येतो. ड्यूशेनचे जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने तो बदल मुलाला आईकडून येतो खरा, पण सुमारे एकतृतीयांश रुग्णांत तो नव्यानेच घडलेला असतो आणि आईच्या रक्तात सापडत नाही. ‘तिच्या घराण्यातून आले’ असे म्हणण्यापूर्वी तपासणी हवी.

‘वाहक’ हाही जोखमीचा शब्द आहे. डासाला आपण रोगवाहक म्हणतो, त्यामुळे ‘मुलगी वाहक आहे’ म्हटले की संसर्गाची भीती उभी राहते. ‘जनुकवाहक’ म्हणावे आणि लगेच एक वाक्य जोडावे : ही व्यक्ती आजारी नाही आणि तिच्यामुळे कुणाला आजार लागत नाही. ‘धोका’ या शब्दाला आमच्याकडे गुजराती-हिंदीच्या सहवासाने फसवणुकीची छटा येते. तिथे ‘शक्यता’ बरा. ‘प्रभावी’ आणि ‘अप्रभावी’ या पाठ्यपुस्तकी जोडीतला दुसरा शब्द तर ‘काही परिणाम न करणारा’ असा समजला जातो. ‘सुप्त’ हा शब्द अधिक जवळचा आहे.

हे काम आता थोड्या लोकांपुरते उरलेले नाही. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशात शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे त्याचे उद्दिष्ट आहे. लाखो तरुणांच्या हाती जनुकवाहक असल्याचा कागद येईल. त्यावरचे दोन शब्द नीट समजले, तर लग्नाआधी जोडीदाराची तपासणी होईल. गर्भ राहिल्यावर सुमारे अकराव्या ते तेराव्या आठवड्यात वारेचा सूक्ष्म अंश तपासण्याचा पर्याय वेळेत कळेल. नीट समजले नाहीत, तर कागद पेटीच्या तळाशी जाईल.

म्हणून वर्षाअखेरीस मी प्रत्येक विद्यार्थ्याला एक काम देतो. वीस वर्षांच्या, लग्न ठरत असलेल्या मुलीला तिच्या अहवालाचा अर्थ घरच्या भाषेत सात वाक्यांत लिहून द्यायचा. नमुना असा :

‘तुझ्या रक्तात सिकलसेलचा आजार नाही. हिमोग्लोबिन घडवणाऱ्या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक बदललेली आहे. हा बदल तुला आई किंवा बाबांकडून मिळाला. त्यात कुणाची चूक नाही. होणाऱ्या नवऱ्याची हीच तपासणी करून घे. त्याच्या दोन्ही प्रती नेहमीसारख्या असतील, तर तुमच्या मुलांना हा आजार होणार नाही. त्याचीही एक प्रत बदललेली असेल, तर निर्णय तुमचाच राहील, पण आधी दोघे मिळून समुपदेशकाला भेटा.’

मराठीच्या शिक्षकांनी आपल्या वर्गात हाच स्वाध्याय द्यावा. वाक्ये सातच ठेवावीत आणि लिहून झाल्यावर विज्ञान न शिकलेल्या एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीला ती वाचून दाखवावीत. त्यांनी जिथे प्रश्न विचारला, ते वाक्य पुन्हा लिहावे.