हर्षविषादविचार

विषाद आवरावा, हर्षास मात्र मोकळे सोडावे, असा लोकांचा सामान्य समज आहे. परंतु श्रीमद्भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील स्थितप्रज्ञलक्षणांत या दोहोंचा विचार एकत्रच केलेला आहे. असे का, हे पुढील दृष्टांतावरून ध्यानी येईल.

दृष्टांत : कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचा नेमबाज स्वप्नील कुसाळे याचा क्रीडाप्रकार ५० मीटर रायफल थ्री पोझिशन. यात गुडघ्यावर बसून, पालथे पडून व उभे राहून नेम धरावयाचा असतो. लक्ष्याच्या दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास अवघा १०.४ मिलिमीटर. श्वासाने व हृदयाच्या ठोक्यानेही नळी हलते. म्हणून नेमबाज श्वास स्थिर करूनच चाप ओढतो. २०२३ साली हांगझोऊ येथील आशियाई क्रीडास्पर्धेत त्याला सांघिक सुवर्णपदक लाभले. परंतु वैयक्तिक अंतिम फेरीत आघाडीवर असता त्याची एक गोळी ७.६ गुणांवर गेली आणि तो चौथा आला. पुढे १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये प्रारंभी मागे असूनही तो क्रमाने वर आला व ४५१.४ गुणांनी कांस्यपदकाचा मानकरी ठरला.

दार्ष्टांतिक : हृदयाचा ठोका आनंदाने वाढला की भयाने, हे नळीस ठाऊक नसते, ती दोन्ही वेळा सारखीच ढळते. बुद्धीचेही तसेच आहे. लेकीच्या लग्नाच्या आनंदात मनुष्य ऐपतीबाहेरचा शब्द देऊन बसतो. कांद्याचा भाव कोसळला की तोच घरच्यांना नको ते बोलतो. पहिल्याने कर्ज होते, दुसऱ्याने माणूस दुरावतो.

येथे कोणी म्हणेल, 'मग मनुष्याने दगड व्हावे काय ?' तसे नव्हे. नेमबाजाचे हृदय थांबत नाही. तो केवळ शांत क्षणाची वाट पाहतो. ऊर्मी येणारच, तिच्या भरात कृती घडू नये, एवढेच साधावयाचे आहे. सुटलेली गोळी परतत नाही, पुढली मात्र हाती असते.

आचार : हर्षाच्या भरात वचन देऊ नये, विषादाच्या भरात निर्णय करू नये, मध्ये एक रात्र जाऊ द्यावी. हा अभ्यास लहानसहान प्रसंगी नित्य करावा, म्हणजे मोठ्या प्रसंगी तो उपयोगी पडतो. मात्र शोकग्रस्तास समत्वाचा उपदेश करू नये, त्याच्याजवळ बसावे. समत्व हे माप स्वतःस लावावयाचे आहे, दुसऱ्यास नव्हे.