शंभर वर्षांनंतरचे शंभर रुपये

इंजिनिअरिंग इकॉनॉमिक्समधलं ‘प्रेझेंट वर्थ’चं गणित आपण सगळेच करतो. फॉर्म्युल्यात दर टाकला, उत्तर आलं, मार्क मिळाले, विषय संपला! पण आंतरराष्ट्रीय हवामान करार जगाला परवडतात की नाही, हा वादही याच फॉर्म्युल्यावर चालतो.

समजा, तापमानवाढीमुळे १०० वर्षांनी १०० रुपयांचं नुकसान होणार आहे. ते टाळण्यासाठी आज किती खर्च करावा? ब्रिटनच्या निकोलस स्टर्न यांनी २००६ च्या अहवालात दर धरला सुमारे १.४ टक्के. कॅल्क्युलेटर काढा, उत्तर येतं २५ रुपये. अमेरिकेचे विल्यम नॉर्डहाउस (नोबेल, २०१८) यांचं म्हणणं, दर बाजारातल्यासारखा, सुमारे ५.५ टक्के हवा. शंभर वर्षं तोच दर ठेवला तर उत्तर येतं फक्त ४७ पैसे!

म्हणूनच स्टर्न सांगतात, दरवर्षी जागतिक उत्पन्नाचा १ टक्का आत्तापासून खर्च करा, नाहीतर ५ ते २० टक्के गमवाल. नॉर्डहाउस सांगतात, सुरुवात हळू करा, मग वेग वाढवा.

दर कमी धरला तर आजच्या गरिबावर बोजा येतो, जास्त धरला तर आपल्या नातवंडांवर. मला विचाराल तर मी कमी दराच्या बाजूने आहे, कारण नातवंडं या चर्चेला हजर नाहीत. मात्र बोजा श्रीमंत देशांनी जास्त उचलावा. तुम्ही कोणता दर धराल? मेसमध्ये भेटू तेव्हा जरूर सांगा!