लाकूड कंबरेपर्यंतच का?

प्रश्न : आमच्या हॉलच्या भिंतीला खालून तीन फूट ‘वेनस्कोटिंग’, म्हणजे लाकडी चौकटींचं आच्छादन, करून घ्यावं, असा मुलीचा हट्ट आहे. मला पडलेला प्रश्न असा, की लाकूड लावायचंच तर ते कंबरेपर्यंतच का? आपल्या पावसात ते टिकेल का? आणि सुताराशिवाय घरच्या घरी जमेल का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : कंबरेपर्यंतच, कारण भिंतीला मार बसतो तो तिथेच. खुर्चीची पाठ, मुलांचे तेलकट हात, फरशी पुसताना उडणारे शिंतोडे, सगळं जमिनीपासून तीन-साडेतीन फुटांच्या आत. म्हणून तर आपल्या शाळांच्या व्हरांड्यात नि चाळींच्या जिन्यात तेवढ्याच भागाला ऑइलपेंट मारलेला असतो. इंग्लंडमध्ये हे काम ओकच्या फळ्यांनी केलं. सोळाव्या शतकात गारठलेल्या दगडी भिंतींना थोडी ऊब यावी म्हणून त्या लावल्या जात. अठराव्या शतकात वापर नसेल तेव्हा खुर्च्या भिंतीला टेकवून ठेवण्याची रीत होती. त्यांच्या पाठी घासून गिलावा उडू नये, यासाठी त्या उंचीवरची आडवी पट्टी कामाची ठरली.

चौकटींची नक्षीही निव्वळ शोभेची नव्हती. लाकूड दमट हवेत फुगतं, कोरड्या हवेत आकसतं. रुंद फळी चारी बाजूंनी खिळून टाकली तर ती तडकते. म्हणून जुने सुतार चौकटीला आतून खाच पाडून फळी तीत सुटी बसवत, ना खिळा ना सरस. फळी खाचेतल्या खाचेत सरकते, चौकट जागची हलत नाही.

आता पावसाचं. फळ्यांनी ओल बरी होत नाही, फक्त दिसेनाशी होते. मागे बुरशी आणि वाळवी निवांत वाढतात, आणि आपल्याला कळतं तेव्हा स्कर्टिंगही गेलेलं असतं. तेव्हा आधी परीक्षा घ्या. ऐन पावसाळ्यात फूटभर लांब-रुंद जाड प्लास्टिक भिंतीला चारी कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि दोन दिवस राहू द्या. प्लास्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला दव जमलं, तर पाणी भिंतीतूनच येतंय. अशा वेळी बाहेरच्या भेगा किंवा पलीकडच्या बाथरूमची गळती आधी काढायची. पॅनेलचा विचार त्यानंतर.

भिंत कोरडी निघाली तरी आपल्या हवेत पूर्ण फळ्या मढवू नयेत, असं माझं मत आहे. एमडीएफ बोर्डाची उघडी कड एकदा पाणी प्यायली की फुगते आणि पुन्हा बसत नाही. त्याच्याच जातीचं एचडीएमआर दमटपणा जास्त सोसतं, पण तेही पाण्यात टिकणारं नाही. त्यापेक्षा भिंतीवर फक्त पट्ट्यांच्या चौकटी लावा आणि पट्ट्या व भिंत एकाच रंगाने रंगवा. सावलीच्या रेघांमुळे पॅनेलचाच भास होतो, आणि भिंत उघडी राहिल्याने ओल आली तर पहिल्याच डागाला कळते. पट्ट्या पीव्हीसी, पीयू किंवा पॉलिस्टायरीनच्या घ्या. त्यांना ना वाळवी लागते, ना त्या फुगतात. मात्र पॉलिस्टायरीन पेट घेतं, तेव्हा देवघर आणि गॅसपासून ते लांबच ठेवा.

हे काम घरी जमतं, पण मापं आधी कागदावर उतरवा. समजा, भिंत ११ फूट, म्हणजे १३२ इंच आहे आणि सहा चौकटी हव्यात. मधली अंतरं सात होतात. प्रत्येकी ३ इंच धरलं तर २१ गेले, उरले १११. सहाने भागा : प्रत्येक चौकट साडेअठरा इंच रुंद. स्कर्टिंगपासून वरच्या आडव्या पट्टीपर्यंत ३० इंच असतील, तर वर-खाली तीन-तीन सोडून उंची २४. एका चौकटीला ८५ इंच पट्टी लागते, म्हणजे आठ फुटी एक पट्टी एका चौकटीला पुरते. आडव्या पट्टीसाठी आणखी दोन. खरेदीआधी मास्किंग टेपने हे सगळं भिंतीवर आखून आठवडाभर पाहा. सोफ्यामागे काय झाकलं जातं आणि कुठला प्लग चौकटीच्या कडेवर येतो, ते तेव्हाच कळतं.

लावताना जमिनीवर विसंबू नका, ती क्वचितच सपाट असते. पाणसळ धरून रेघ मारा. कोपरे ४५ अंशांत कापा आणि चिकटवण्याआधी जुळवून पाहा. जुना डिस्टेंपर पांढरी भुकटी सोडत असेल तर पट्टीच्या जागी तो खरवडा, नाहीतर पट्टी रंगासकट सुटून येते. पॉलिस्टायरीनला सॉल्व्हंटचं गोंद लावलं तर ते विरघळतं, म्हणून पाण्यावर आधारलेलं गोंद मागा. फटी अॅक्रिलिक फिलरने भरा. सिलिकॉनवर रंग बसत नाही. बारीक खिळे ठोकायचे असतील, तर स्विचबोर्डाच्या सरळ वर-खाली ठोकू नका. वायरींचे पाइप बहुधा तिथूनच जातात.

घर भाड्याचं असेल तर पट्ट्या नकोतच. काढताना पुट्टी निघते आणि डिपॉझिटही कापलं जातं. तिथे कंबरेपर्यंत गडद, धुता येणारा रंग आणि वर फिकट, एवढ्यावर भागवा.

राहिला मुहूर्त. दिवाळीआधी उरकून टाकावंसं वाटेल, पण चार महिने भिजलेली बाहेरची भिंत तोवर वाळलेली नसते. टेप आत्ता लावा, पट्ट्या जानेवारीत. तोवर मुलीचा हट्ट टिकला, तर खर्च करायला हरकत नाही.