रजिस्टरात न मावणारं काम

चि. सोनी,


केम गावात आशा सेविका म्हणून तुझी निवड झाल्याचं तुझ्या आईनं फोनवर सांगितलं. फार बरं वाटलं. गरोदर बायांच्या नोंदी, लसीकरण हे तुला प्रशिक्षणात शिकवतीलच. मी लिहितेय ते रजिस्टरात न मावणाऱ्या कामाबद्दल: मनानं खचलेल्या माणसांकडे लक्ष ठेवण्याबद्दल.

2022 साली महाराष्ट्रात 22,746 माणसांनी आत्महत्या केली. देशात सगळ्यांत जास्त. त्यात शेतकरी आहेत, तसे रोजंदारीवर जाणारे आणि घरसंसार सांभाळणाऱ्या बायाही आहेत. म्हणून फक्त कर्जबाजारी घराचीच चौकशी करू नकोस.

हे काम मोठ्या डॉक्टरांचं, असं तुला वाटेल. अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत ‘विश्राम’ प्रकल्पानं ते गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांकडून करून घेतलं. आधी नैराश्य असलेल्या 100 जणांत जेमतेम चार जण उपचारापर्यंत पोचत होते. दीड वर्षानं सत्तावीस पोचू लागले. घरोघर जाणारं माणूस ओळखीचं होतं, म्हणून हे झालं.

कुणी ‘माझ्यामुळं सगळ्यांनाच त्रास’ म्हणालं, झोप उडाली, जेवण सुटलं, तर शेजारी बसून सरळ विचार: ‘जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का?’ विचारल्यानं नसता विचार डोक्यात भरतो, ही भीती खोटी आहे. बहुतेकांना कुणीतरी विचारलं याचंच हायसं वाटतं. मग उपदेश करू नकोस, ऐकून घे. उत्तर ‘हो’ आलं तर त्याला एकटं सोडू नकोस. घरातल्या भरवशाच्या माणसाला हाताशी घे आणि फवारणीचं औषध त्या घरातून हलव. श्रीलंकेनं अतिविषारी शेतीऔषधांवर टप्प्याटप्प्यानं बंदी घातली आणि तिथल्या आत्महत्या निम्म्याहून कमी झाल्या. ती वेळ टळली की पुष्कळ माणसं जगतात, हे मनात पक्कं ठेव. ऐकलेलं मात्र पारावर जाता कामा नये.

पोलीस केसच्या धास्तीनं लोक झाकाझाकी करतात. त्यांना सांग, 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस गुन्हेगार नव्हे, तर तीव्र तणावाखाली होता असंच धरलं जातं. त्याला उपचार देणं सरकारचं कर्तव्य आहे. सोलापूरच्या सिव्हिलमध्ये मानसोपचार विभाग आहे. पहिल्या खेपेला तू सोबत जा.

आणि मागं राहिलेल्यांना विसरू नकोस. केमचं कुंकू महाराष्ट्रभर जातं. ते करताना जिची बोटं दिवसभर लाल होतात, तिचाच नवरा गेला की तिला हळदीकुंकवाला बोलावत नाहीत. नवऱ्यानं आत्महत्या केली असेल तर तिच्याकडे बोटंही दाखवतात. मला हे असह्य होतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारनंही तो कित्ता गिरवायला सांगितलं. केमच्या ग्रामसभेत हा विषय काढ, बचतगटाच्या बाया बरोबर घे. तेराव्यानंतर येणारे-जाणारे आटतात, तेव्हा तू त्या घरी जात राहा. ‘त्यांनी असं का केलं?’ हे विचारू नकोस. पोरांच्या शाळेचं, रेशनचं, पेन्शनच्या अर्जाचं बघ.

एकटीनं सगळं ओढू नकोस. तुलाही जड झालं तर मला फोन कर, रात्री-अपरात्री कधीही.

14416 हा टेलिमानस या मानसिक आधाराच्या हेल्पलाइनचा नंबर डायरीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव. तो चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.

तुझी,
मावशी