किशोरवय : माता-बाल आरोग्याचा पाया

माता-बाल आरोग्य म्हटले की आपल्यासमोर गरोदर स्त्री आणि तिचे तान्हे मूल उभे राहते. भारत सरकारने २०१३ मध्ये जाहीर केलेल्या राष्ट्रीय धोरणाने हा विचार अधिक आधीपासून सुरू केला. प्रजनन, माता, नवजात शिशू आणि बालक यांच्या आरोग्याला त्याने १० ते १९ वर्षांच्या किशोरवयाची जोड दिली. ७ जानेवारी २०१४ रोजी राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमही सुरू झाला.

या जोडीला सबळ कारण आहे. किशोरवयात उंची व वजन झपाट्याने वाढते. मुलींच्या शरीरातील लोह पाळीवाटेही खर्ची पडते. आहारातून भरपाई न झाल्यास रक्तक्षय होतो. अशी मुलगी गरोदर राहिली, तर अनेक वर्षांची तूट काही महिन्यांच्या गोळ्यांनी भरून निघणे कठीण असते. प्रसूतीतील रक्तस्राव तिच्या जिवावर बेतू शकतो. बाळ कमी वजनाचे जन्मू शकते. ते बाळ मुलगी असल्यास हेच चक्र पुढील पिढीत फिरते. तथागतांनी शिकविलेला कार्यकारणभाव आम्हांला येथे प्रत्यक्ष दिसतो. कारण दूर केले, तरच दुःख थांबते.

पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) देशातील १५ ते १९ वयोगटातील सुमारे ५९ टक्के मुली आणि ३१ टक्के मुलगे रक्तक्षयाने ग्रस्त आढळले. आधीच्या पाहणीत मुलींचे हे प्रमाण ५४ टक्के होते.

उपाय साधा आहे. शाळांतून आठवड्याला एक गोळी दिली जाते : ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल. वर्षातून दोनदा जंतनाशक गोळी दिली जाते. लोहाची गोळी जेवणानंतर घ्यावी. तिच्यासोबत चहा टाळावा, लिंबू किंवा आवळा घ्यावा. मळमळ झाली वा शौच काळसर झाले, तर घाबरून गोळी सोडू नये. मात्र प्रत्येक रक्तक्षय लोहाअभावीच होतो असे नाही. विदर्भातील आदिवासी तसेच बौद्ध कुटुंबांतही सिकलसेल आढळतो. म्हणून त्याची तपासणी विवाहापूर्वी व्हायलाच हवी.

बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती-लाभ विधेयकाला पाठिंबा दिला. मातेची विश्रांती हा राष्ट्रहिताचा प्रश्न आहे, अशी त्यांची भूमिका होती. त्या वारशाचे आपण उत्तराधिकारी आहोत.

म्हणून पालकांना आमची विनंती आहे : सुटीत गोळीचा क्रम तुटू देऊ नका. मुलीच्या ताटात डाळ, पालेभाजी, अंडे मुलाइतकेच वाढा. अठरा वर्षांपूर्वी तिचा विवाह करू नका. शिक्षण पूर्ण होऊ द्या. माजी विद्यार्थ्यांनी आपापल्या वस्तीतील विहारात आरोग्य तपासणी घडवून आणावी आणि मुलग्यांनाही या चर्चेत बसवावे. उद्याच्या मातेचे आरोग्य आज वसतिगृहाच्या पंगतीत आणि घरच्या ताटात घडत आहे.